चार नंबरच्या अकरा बॅगा

विमा कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, की ज्या दिवशी चार नंबरच्या कामगाराच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, त्याच दिवशी चार नंबरने कारखान्यात बसून अकरा बॅगा शिवल्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अंगाला नळ्या लावलेल्या असताना, पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशी बारा. तेव्हा एक तर हॉस्पिटलचे कागद खोटे आहेत, नाही तर कारखान्याचे, आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी क्लेम नामंजूर.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण ऑपरेशनच्या टेबलावर पालथी पडलेली चार नंबर एका हाताने बॅगेला चेन लावतेय असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते आकडे कंपनीने हवेतून काढलेले नव्हते. ते बाईंच्याच वळणदार अक्षरातले होते, आणि बाईंनीच ते आपल्या हाताने पाकिटात घालून पाठवले होते.

कारखाना म्हणायचा तो आपला मान राखायला. गल्लीच्या टोकाला टायरचं दुकान, त्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मोठ्या खोलीत खिडक्यांखाली पाच शिलाई मशीन, मधोमध कापणीचं लांब टेबल, भिंतीला टेकून उभे कॅनव्हासचे तागे, आणि सगळ्यावर खालून येणारा रबराचा वास. लहान खोलीत बाईंचं टेबल. वायरमन, नळ दुरुस्त करणारे, सुतार असल्या लोकांना लागणाऱ्या हत्यारांच्या बॅगा इथे तयार होतात. माणसं एकूण सात. कापणीला बाईंचे यजमान, ज्यांना सगळे मालक म्हणतात. तपासणीला आणि कागदपत्रांना बाई. आणि शिवायला पाच जण.

प्रत्येक बॅगेच्या आतल्या खिशात बोटभर चिठ्ठी जाते. तिच्यावर शिवणाऱ्याचा नंबर आणि तारीख. टाका उसवला तर कोणाचे कान धरायचे ते कळावं, म्हणून बाईंच्या सासऱ्यांनी ही पद्धत घातली. नंबर एक, तीन, चार, पाच आणि सहा. दोन नंबर घ्यायला आजवर कोणी तयार झालेलं नाही. जन्मभर दोन नंबरवाला म्हणवून घ्यायची हौस कोणाला असणार. होता होता माणसांची नावं मागे पडली आणि नंबर उरले. चार नंबर एकतीस वर्षं चार नंबर होती. बाई या घरात सून म्हणून आल्या त्याच्या आधीपासून. म्हणून बाकी सगळ्यांच्या बाई तिच्या मात्र अजून सूनबाईच होत्या.

सासऱ्यांच्याच काळात आणखी एक गोष्ट सुरू झाली. ती कोणी घातली नाही, आपसूक पडली. पगार बॅगेमागे मिळायचा. कोणी आजारी पडलं की बाकीचे चौघं आपापल्या दोन-तीन बॅगांत त्याची चिठ्ठी टाकत. नंबर बंद पडू द्यायचा नाही, एवढंच. सहा नंबरच्या बाळंतपणात तिचा नंबर दोन महिने चालला. एक नंबरला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे. बाईंना हे ठाऊक होतं, कारण टाक्यावरून माणूस ओळखणारी त्यांची नजर. चार नंबरच्या चिठ्ठीच्या बॅगेत एक नंबरचा ऐसपैस टाका दिसला, की त्या काही बोलत नसत. वहीत चार नंबरच्या नावापुढे आकडा मांडत आणि पुढची बॅग घेत.

ही झाली वही. आता विम्याचं ऐका.

तो मिळवायला बाईंना सहा वर्षं लागली. पाचशे माणसांचा कारखाना असता तर विमेवाले दारात मुक्काम ठोकून बसले असते. सात माणसं म्हटल्यावर जिना चढायलाही कोणी राजी होईना. एका कंपनीच्या पोराने फोनवर विचारलं, "सातशे का?" बाई म्हणाल्या, "सात." पलीकडून फोन ठेवला गेला. शेवटी धाकटे दीर, जे विम्याचं काम करतात, त्यांनी कुठूनतरी एक पॉलिसी आणली. तिची अट एकच: गट कमीत कमी सातांचा हवा. एक जरी कमी झाला, तर सगळ्यांचीच पॉलिसी संपली.

पहिल्या वर्षी पाच नंबरच्या बोटात सुई घुसली, तीन टाके पडले. पुढच्या वर्षी हप्ता असा वाढला, जणू त्याचा खांद्यापासून हात गेला होता. दीर म्हणाले, "मोठ्या गटात एकाचं दुखणं हजारांवर पसरतं, वहिनी. तुम्ही सातच जण, ते तुमच्यावरच पडणार." म्हणजे एक जण आजारी पडला तर महाग, आणि एक जण सोडून गेला तर रद्द. माणसांनी आजारी पडायचं नाही, काम सोडायचं नाही, मरायचं तर नाहीच नाही. नुसतं धडधाकट राहून हप्ते भरायचे. एवढी धडधाकट माणसं विमा काढतील कशाला, हे कोणी त्या कंपनीला विचारलेलं दिसत नाही.

तरी बाई भरत राहिल्या. आणि पाचव्या वर्षी चार नंबरची पाठ गेली.

एकतीस वर्षं वाकून जाड कॅनव्हास ओढला त्याचं हे फळ. डॉक्टरांनी काम दोन टप्प्यांत सांगितलं. पहिलं ऑपरेशन सात आठवड्यांपूर्वी झालं. दुसरं पहिल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं; नाही झालं तर डावा पाय, जो आत्ताच गुडघ्याखाली बधिर होता, तो कायमचा जाणार. पहिल्याचे पैसे सगळ्यांनी मिळून कसेबसे उभे केले होते, क्लेम आला की फिटतील या भरवशावर. दुसऱ्यासाठी कोणाकडे काही उरलं नव्हतं, आणि हॉस्पिटल कंपनीच्या मंजुरीशिवाय तारीख देत नव्हतं. हातात पाच-सहा आठवडे होते.

या नामंजुरीच्या पत्राआधी कंपनीचं आणखी एक पत्र येऊन गेलं होतं. लहान गटांत लोक आजारी नातेवाइकांना कामगार म्हणून घुसवतात, तेव्हा ही बाई खरोखर तुमच्याकडे काम करते याचा पुरावा द्या. ते वाचून बाईंचा पारा चढला. चार नंबर काम करते का, म्हणे. त्यांनी दिरांना विचारलंही नाही. सहा महिन्यांच्या वहीच्या झेरॉक्स काढल्या, पानापानावर सही केली आणि पाठवून दिल्या. पुरावा हवा ना, घ्या पुरावा. एकही दिवस खाडा नाही.

खरोखरच एकही खाडा नव्हता. तिथेच तर घात झाला.

बाईंनी पत्र मोठ्या खोलीत नेऊन वाचून दाखवलं. मशीन एकेक करून थांबली. एक नंबर, जो कशाचीही चेष्टा केल्याशिवाय राहत नाही, म्हणाला, "त्यातल्या तीन मी शिवल्या. ऑपरेशन झाल्यावर माणूस एवढा ऐसपैस टाका घालू शकत नाही, हे तरी त्यांना कळायला हवं होतं." सहा नंबर खाली बघत म्हणाली, "बाई, तिसऱ्या दिवशीची बारावी माझी. म्हटलं, तेवढेच चार पैसे जास्त मिळतील तिला."

"तुझं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. वही मी पाठवली."

संध्याकाळी दीर आले ते सुतकी चेहरा करूनच. खुर्ची ओढून बसले, फाइल मांडीवर ठेवली.

"वहिनी, मला एक फोन करायचा ना आधी. वही पाठवायला कोणी सांगितलं होतं? पगाराच्या दोन पावत्या पुरल्या असत्या."

"त्यांनी पुरावा मागितला, मी दिला. त्यात खोटं काय केलं, भावोजी?"

"वहीच खोटी आहे ना."

"बॅगा खऱ्या आहेत. मोजून घ्या."

दिरांनी कपाळ चोळलं. "मी आत बोलून आलोय. ते म्हणतात, फसवणुकीचा शिक्का बसला तर सातही जणांची पॉलिसी जाईल. आणि एकदा तो शिक्का बसला की दुसरी कुठली कंपनी तुम्हाला दारात उभं करणार नाही. पण त्यातून वाट आहे. तुम्ही लिहून द्यायचं, की चार नंबर तुमची कामगार नाही. बाहेरची बाई आहे, घरी काम नेते, चुकून यादीत आली. तिचं नाव कमी झालं की क्लेम आपोआप बंद. बाकीचे वाचले."

"बाकीचे सहा. आणि गट सातांचा लागतो."

"सातवं नाव माझ्या मुलीचं घालू. वीस वर्षांची आहे, तिला साधी सर्दी होत नाही. कंपनी खूश होईल. हप्तासुद्धा उतरेल बघा."

"ती शिवते?"

"कागदावर, वहिनी. कागदावर."

दीर माणूस वाईट नव्हता. या घराचं भलं करायलाच आला होता, आणि तेच बाईंना जास्त झोंबत होतं. "म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "जी एकतीस वर्षं इथे बसून शिवतेय, ती बाहेरची. जिने आयुष्यात सुई धरली नाही, ती कामगार. आणि हे लिहून दिलं की आम्ही प्रामाणिक ठरलो. असंच ना?"

"नियम मी केलेले नाहीत."

"केले नाहीत. पण पाठ अगदी चोख केलेत."

कापणीच्या टेबलावरून आवाज आला. "तसलं काही लिहायचं नाही." मालकांनी मान वर केली नव्हती. कात्री चालूच होती. दिवसभरात ते चार वाक्यं बोलत. त्यातलं एक त्यांनी इथे खर्च केलं.

दीर दुखावले. उठता उठता म्हणाले, "मग बाकीच्यांचं काय ते बघा. सहा नंबरचं मूल अजून वर्षाचं नाही. उद्या त्याला काही झालं, तर तुम्ही हॉस्पिटलात काय दाखवणार आहात, तत्त्व? सोमवारपर्यंत मला उत्तर हवंय."

दीर गेले. सहा नंबर मशीनवर हात ठेवून बसली होती आणि बाईंकडे बघत नव्हती. बाईंना तिचा राग आला नाही. राग आला तो असा प्रश्न तिच्यासमोर टाकणाऱ्यांचा. एका बाईचा पाय आणि दुसरीचं मूल तराजूच्या दोन पारड्यांत घालायचं, तराजू बाईंच्या हातात द्यायचा, आणि आपण वर काचेच्या इमारतीत निवांत बसायचं. हा कसला विमा. माणसांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून गट, आणि गट टिकवायला आधी एकीला ढकलून द्या.

सोमवारी सकाळी बाई दोन्ही पत्रं आणि हॉस्पिटलचे कागद घेऊन स्वतःच कंपनीत गेल्या.

चौथा मजला. गार हवा, बूट वाजणार नाहीत असा मऊ गालिचा, एकसष्ट नंबरचं टोकन. भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं मोठं चित्र: आई, बाप, दोन मुलं आणि सगळ्यांचे दात. हे लोक कोणत्या कंपनीचा विमा घेतात ते एकदा विचारायला हवं, असं बाईंच्या मनात आलं. तासाभराने नंबर लागला. काउंटरवर तिशीतला एक टायवाला माणूस होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं अगदी मऊ.

"मला या पत्रावर ज्यांची सही आहे त्यांना भेटायचंय," बाई म्हणाल्या.

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मी बघतो ना." त्याने टोकनवर सही करून ते परत दिलं, पत्र वाचलं आणि आवाज आणखी मऊ केला. "यात आता काही होण्यासारखं नाहीये. मला एकच सांगा, तुमची वही खरी की हॉस्पिटलचे कागद खरे?"

"दोन्ही खरे."

"असं कसं होईल?"

बाईंनी सांगितलं. चिठ्ठ्या, नंबर, चौघांनी शिवलेल्या अकरा बॅगा. सांगता सांगता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि लगेच दार लावावं तसा तो बंद झाला. "म्हणजे नोंदी खोट्या आहेत हे तुम्ही मान्य करताय," तो म्हणाला. "हे मला लिहून घ्यावं लागेल."

"मी मॅडमनाच भेटते," बाई म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

समोरच काचेची केबिन होती. दारावर तेच पद लिहिलेलं, जे सहीखाली छापलेलं होतं. आत खुर्ची रिकामी. टेबलावरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान अजून उलटलेलं नव्हतं. तपासणीत जन्म गेलेल्या माणसाला असल्या गोष्टी न बघायच्या म्हटल्या तरी दिसतात. थोड्या वेळाने टेबलं पुसणारी बाई आली, तिने केबिनमधल्या कुंडीला पाणी घातलं आणि बाहेर आली.

"कोणाची वाट बघताय?" तिने विचारलं. "या मॅडमची? त्या महिनाभर आलेल्या नाहीत. पोटाचं ऑपरेशन झालंय, अजून हॉस्पिटलातच आहेत म्हणतात. झाडाला मीच घालते पाणी."

बाईंनी पत्र काढलं. तारीख नऊ दिवसांपूर्वीची. मग जुनं पत्र काढलं, पुरावा मागणारं. ते पाच आठवड्यांपूर्वीचं. दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. सही तीच, शाई तीच. पण जुन्या पत्रातली शेवटची रेघ एका झटक्यात वर गेली होती आणि नव्या पत्रातली मधे किंचित थांबून गेली होती, टोकनवरच्या टायवाल्याच्या सहीत गेली होती तशीच. चिठ्ठी एकीची आणि टाका दुसऱ्याचा. हे बघायला बाईंना चष्मासुद्धा लागला नसता.

त्या उठल्या आणि नवं टोकन न घेता काउंटरवर गेल्या.

"मॅडमची मीटिंग कोणत्या हॉस्पिटलमध्ये आहे?"

बाईंनी दोन्ही पत्रं टायवाल्यापुढे ठेवली आणि बोट टेकवलं. "ही सही त्यांची. आणि ही तुमची. शेवटची रेघ ओढताना तुम्ही थांबता."

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बाई, हळू बोला, प्लीज," तो म्हणाला. "महिन्याला त्यांच्या नावावर ठरावीक फाइली निघाल्या नाहीत, तर त्यांचं पद काढून घेतात. मग पगार उतरतो. आम्ही तिघं त्यांचं काम वाटून घेतो. त्यांनी मागितलेलं नाहीये, आम्हीच करतो. फार चांगल्या आहेत हो त्या."

"रोज किती काढता?"

"सहा. कधी सात."

बाईंना वाटलं होतं, आता आपण असं काही बोलू की हा गार मजला दणाणून जाईल. शब्द तोंडाशी आलेही होते. मागे बाकांवर वीस-पंचवीस माणसं आपापली पत्रं घेऊन बसली होती. एकदा आवाज चढवला असता, तर सगळी उठून आली असती. पण ओरडायचं कोणावर? या पोरावर, जो तिकडे अंथरुणावर पडलेल्या बाईचा नंबर चालू ठेवतोय? की त्या बाईवर, जिला हे ठाऊकही नसेल? ज्यांच्यावर ओरडायचं ते या मजल्यावर बसतच नव्हते. बाईंचे डोळे भरून आले. रडू नव्हतं ते. निव्वळ चीड होती.

"मी कोणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "हे आधी सांगून ठेवते, म्हणजे मी धमकी देतेय असं वाटायला नको. त्यांच्या पोटावर पाय देऊन मला माझ्या बाईचा पाय वाचवायचा नाहीये. पण मला एक सांगा. त्या हॉस्पिटलात पडून रोज सहा सह्या करतात, आणि त्या सहीने तुम्ही मला कळवता, की हॉस्पिटलात पडलेली बाई अकरा बॅगा शिवू शकत नाही. तुमच्या फाइलीत आणि आमच्या वहीत फरक काय?"

त्याने दोन्ही पत्रं परत सरकवली. मग म्हणाला, "फरक एवढाच की तुम्ही ती पाठवलीत."

असं उत्तर आलं की माणसाने काय करावं. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या.

त्याने फाइल मागवली. हॉस्पिटलला स्वतः फोन लावला, तारखा विचारल्या, डॉक्टरांशी बोलला. हा फोन नऊ दिवसांपूर्वीही लागला असता. तेवढ्याने सगळं निभावलं असतं. मग एक कोरा कागद बाईंसमोर सरकवला. "वहीबद्दल खरं काय ते लिहा. जसं आहे तसं. म्हणजे फसवणुकीचा शिक्का बसणार नाही. पहिल्या ऑपरेशनच्या क्लेमची फाइल मला वर पाठवावी लागेल, त्याचं मी सांगू शकत नाही. दुसऱ्याची मंजुरी इथून निघू शकते."

बाईंनी लिहिलं: चार नंबर हॉस्पिटलात होती. बॅगा एक, तीन, पाच आणि सहा नंबरने शिवल्या. चिठ्ठ्या चार नंबरच्या टाकल्या. मला माहीत होतं. आमच्याकडे असंच असतं. खाली सही केली.

त्याने ते वाचलं, मंजुरीचा कागद भरला आणि थांबला. "यावर सही वरिष्ठांचीच लागते," तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने पेन उचललं आणि या वेळी शेवटची रेघ न थांबता ओढली.

बाई परतल्या तेव्हा कारखान्यात आनंदीआनंद झाला. एक नंबरने मंजुरीचा कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरून तपासला आणि म्हणाला, "टाका पक्का आहे." दिरांचा फोन आला, आपण आत बोललो होतो ते कामी आलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. सहा नंबरने सगळ्यांना चहा केला. आनंद नव्हता तो फक्त बाईंना. मालकांनी विचारलं, "आता काय झालं?"

"आपल्या हक्काचं होतं," बाई म्हणाल्या, "आणि मी ते चोरून आणावं तसं घेऊन आले. सही ओळखता आली म्हणून मिळालं. तिथे पंचवीस माणसं बसली होती, अहो. कोणी बेकरीवाला असेल, कोणी छापखानेवाला. त्यांना काय टाके बघायची सवय आहे?"

मालक कापायला लागले.

दुपारी बाई चार नंबरकडे गेल्या. ती पलंगावर होती, डावा पाय दोन उशांवर. तो पाय आता ती दुसऱ्या कोणाची ठेव सांभाळावी तसा दोन्ही हातांनी उचलून ठेवायची. बाईंनी हॉस्पिटलने दिलेली तारीख सांगितली: बुधवारी दाखल व्हायचं, गुरुवारी ऑपरेशन. मग सगळी हकिकत सांगितली. मॅडमची मीटिंग कोणत्या हॉस्पिटलमध्ये, या वाक्याला चार नंबर एवढी हसली की पाठीतून कळ आली आणि तिला उशी धरून पडून राहावं लागलं.

कळ ओसरल्यावर तिने कागद मागून घेतला. सहीवरून बोट फिरवलं.

"काय झालंय गं तिला?"

"कोणाला?"

"या मॅडमला."

"पोटाचं ऑपरेशन, म्हणत होते."

"पोटाचं म्हणजे कसलं? महिनाभर ठेवून घेतलंय म्हणजे साधं नसणार." तिने बाईंकडे पाहिलं. "आता बरी आहे का?"

सकाळपासून त्या मॅडमच्या केबिनसमोर बाई बसल्या होत्या. तिचं कॅलेंडर पाहिलं, कुंडी पाहिली, सहीची रेघ न् रेघ तपासली. ती बरी आहे का हे विचारायचं डोक्यात आलंच नव्हतं. एवढा संताप भरून ठेवला होता, की तेवढ्या प्रश्नाला आत जागा उरली नव्हती.

"सूनबाई, तू पण त्यांच्यातलीच झालीस की," चार नंबर म्हणाली. रागाने नाही, पण म्हणाली. "फोन लाव. विचार."

बाईंनी पत्रावरचा नंबर फिरवला. पलीकडे एक गोड आवाज बोलू लागला. नवीन पॉलिसीसाठी एक दाबा. हप्ता भरण्यासाठी दोन दाबा. क्लेमसाठी तीन, तक्रारीसाठी चार. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. तो आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तुमचंच एक माणूस आजारी आहे, ते बरं आहे का एवढं विचारायचं असेल तर काय दाबायचं, ते काही तो सांगत नव्हता.

"काय म्हणतात?" चार नंबरने विचारलं.

"एक दाबा, दोन दाबा."

"ठेवू नकोस," ती म्हणाली. "कधीतरी माणूस येईलच."

बाई पलंगाच्या कडेला फोन कानाला लावून बसून राहिल्या.